गुरुवारी नक्की येईल

मी गच्चीवर पायाची नखं कापत बसले होते, तेव्हा टेकडीवरच्या वस्तीतून पेटीचा आवाज आला. पेटी म्हणजे अकॉर्डियन, बटणांचा. अमेरिकेत आमच्या शेबॉयगनला स्लोव्हेनियन घरांतून त्याला नुसतं पेटीच म्हणतात. तसा या तळ्याकाठच्या गावात पेटीचा आवाज काही नवा नाही. मेक्सिकोत लग्न असो, बारसं असो, कुणी नवा ट्रक घेतलेला असो, पेटीवाले बोलावतातच. पण ही पोल्का होती, आमच्याकडची नाचाची चाल, आणि नुसती पोल्का नव्हे, एमिल वाजवायचा तीच. दुसऱ्या भागात उजवा हात वर चढत जातो आणि चढाच्या टोकाला तो जरासा थांबायचा, डोळे मिचकावायचा आणि मग खाली उतरायचा. वरच्या वस्तीतला तोही तिथंच थांबला. माझ्या हातातली कात्री थांबली, अंगठ्याचं नख अर्धं कापलेलं तसंच राहिलं. अशा वेळी बाईच्या मनात पहिलं काय यावं? मेलेला नवरा यावा. देवाशप्पथ सांगते, एमिल आला नाही. मनात आलं ते एवढंच, की सापडली. माझी पेटी यांनीच ढापली.

पेटी एमिलची. त्याच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आम्ही दोघं इथून शेबॉयगनला गेलो आणि परत आले मी एकटी. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी पॉलेटच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, बैठकीत बसून त्यानं ती वाजवली, भाता मिटला, चामड्याचा पट्टा आवळून त्याचं बटण लावलं आणि म्हणाला, "बाकीचं आल्यावर." त्यानंतर ती कुणी उघडली नाही. मला वाजवता येत नाही. आर्लीनला कान दोन आहेत पण सूर एकही नाही, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि लोक हसले की मीही हसायची. मला ती वाजवायला नकोच होती, मिटलेलीच हवी होती. त्या भात्यात त्या संध्याकाळची हवा आहे असं मला वाटायचं, त्याच्या दंडाच्या जोरानं आत आलेली. एमिल असता तर म्हणाला असता, अगं वेडे, भाता मिटला की हवा बाहेर जाते. जात असेल, पण सगळी थोडीच जाते. हे मी कुणापाशी बोलले नाही. पॉलेटपाशी बोलले असते तर तिनं लगेच कुठल्यातरी मनाच्या डॉक्टरची वेळ घेतली असती. तिला मी इतकंच सांगितलं, की पट्टा सोडू नकोस, आहे तशी पाठव. "आई, तिथं पोचणार आहे का काही?" ती म्हणाली. मग मी रडले, मग ती बरं म्हणाली. काही दिवसांनी फोन आला, टाकली पोस्टात. पावतीवरचा नंबर विचारला तर म्हणे, "गाडीत कुठंतरी पडलाय तो कागद, शोधते." पॉलेटची गाडी म्हणजे उकिरडा, हे मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसले.

आणि मग ते गुरुवार सुरू झाले. मेलितोन पोस्टमन मोटारसायकलवरून आमच्या गल्लीत शिट्टी फुंकत येतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यानं हेल्मेट काढून छातीशी धरलं आणि म्हणाला, "गुरुवारी येईल बाई, नक्की." गुरुवारी तो आलाच नाही. पुढच्या खेपेला म्हणाला, ग्वादालाहाराहून निघालंय, वाटेत असेल. त्याच्या पुढच्या खेपेला जकातीत अडकलं असेल, पण अडकलं म्हणजे आलंच समजा. पोस्टातल्या खिडकीवरची बाई तर माझं नाव न बघताच म्हणायची, "हो हो, तुमचंच ना, गुरुवारपर्यंत होऊन जाईल." एकाचं एकाशी जुळत नाही. आमच्याकडं विस्कॉन्सिनला माणूस तोंडावर सांगतो, नाही म्हणजे नाही, हरवलं म्हणजे हरवलं, हा घ्या तक्रारीचा नंबर. इथं सगळे गोड हसतात, हात छातीला लावतात, आणि माझ्या मनात पाल चुकचुकते. जो माणूस रोज वेगळं सांगतो त्याला खरं ठाऊक असतं, असं मला वाटायचं. ठाऊक नसतं तर त्यानं सरळ ठाऊक नाही म्हटलं नसतं का?

बेव्हला हे सांगायला नको होतं. बेव्ह टेक्सासची, आम्हा परदेशी म्हाताऱ्यांच्या क्लबात सकाळी कॉफीच्या टेबलावर तिचा दरबार भरतो. कुणाचा गुडघा बदलला, कुणाचा नवरा कुठल्या बाईसोबत दिसला, आणि पुढच्या महिन्यात कोण गाडी घेऊन लारेडोला जाणार, ही तिन्ही खाती तिच्याकडं. लारेडो म्हणजे सीमेपलीकडचं आमचं गाव. तिथल्या दुकानाच्या पत्त्यावर लेकरांनी खोकी पाठवायची आणि कुणीतरी वर गेलं की त्यानं ती आपल्या गाडीत, मळक्या कपड्यांखाली घालून आणायची. आमच्यातला कुणीही शहाणा माणूस पोस्टावर भरवसा ठेवत नाही. "पोस्टानं?" बेव्ह ओरडली, "आर्लीन, तुझी मुलगी बावळट आहे की तू? हॅरल्ड परवाच गेला होता, त्याच्या मागच्या सीटवर आणली असती." मी म्हटलं, तिला पोस्ट जवळ पडतं. "मग बस आता. बाई गं, माझी कानातली यंत्रं गेली, डॉनाच्या नातवाचे बूट गेले. इथं वस्तू हरवत नाहीत, घरं बदलतात. आणि ज्याला आपल्या घरी काय येणार आहे ते माहीत असतं ना, त्याच्याच घरी जातात. तुझ्या घरी पेटी येणार हे कुणाला माहीत होतं?" ती कॉफी ढवळत होती. माहीत एकाच माणसाला होतं, अंपारोला.

अंपारो माझ्याकडं कामाला येते, असं म्हणायचं झालं तर म्हणता येतं. सकाळी ती स्वतःच्या किल्लीनं दार उघडते, आम्ही दोघी कॉफी पितो, मग ती झाडू घेते आणि मी तिच्या पायांत येते. एमिल गेल्यावर मी विमानतळावरून एकटी आले तेव्हा ती दारात उभी होती. तिनं माझ्या पायातले बूट काढले, मला पलंगावर बसवलं आणि कोंबडीचं सूप भरवलं, माझ्या आईनंही मला तसं कधी भरवलं नसेल. रात्री ती माझ्या खोलीत जमिनीवर चटई टाकून झोपली, आठवडाभर. माझा ताप, माझी मोडकी भाषा, माझ्या गॅसच्या शेगडीची कटकट, सगळं तिच्या हातात. खरं सांगायचं तर या गावात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस आहे. बेव्ह आणि कंपनी माझ्या मरणाला येतील, केक आणतील, आणि संध्याकाळी पत्ते खेळतील. अंपारो चोर निघाली तर मग मला इथं कोण? आणि तिथं तरी कोण? म्हणून तो संशय मी दोन दिवस गिळून बसले. पण अंपारोला एक भाऊ आहे, हिलारियो, आणि हिलारियो लग्नांच्या बँडमध्ये पेटी वाजवतो, आणि मी पेटीची वाट बघते आहे हे मीच तिला, कौतुकानं, हातवारे करकरून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "माझ्या भावाला दाखवा हं बाई, तो वेडाच होईल." आता हे वाक्य मला रोज नव्यानं ऐकू यायला लागलं.

पोल्का ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल वर हिलारियो वाजवत होता वाटतं. छान पेटी आहे. कुठून आणली?"

"त्याच्या बाप्तिस्म्याच्या धर्मपित्यानं दिली, बाई."

"ही पोल्का तर आमच्याकडची आहे."

"असेल," अंपारो हसली, "हिलारियो म्हणतो इथलीच आहे. चांगलं गाणं सगळ्यांनाच आपलं वाटतं."

दोन दिवस जाऊ दिले आणि ती भांडी पुसत असताना पुन्हा विचारलं, अगदी दुसरीकडं बघत. "हिलारियोची पेटी जुनी आहे का गं?"

"माझ्या लक्षात नाही. बँडची आहे ना ती, तेच देतात."

झालं. परवा धर्मपित्यानं दिली होती, आज बँडनं दिली. लाज वाटते सांगायला, पण मला एक प्रकारचा आनंद झाला. दाढेत अडकलेलं काहीतरी जिभेला सापडावं तसा. मी तिच्या पाठीकडं बघत बसले. ती पाठ मी इतकी वर्षं बघितली, वाकलेली, भरलेली, मध्ये वेणीची जागा. त्या दिवशी ती पाठ काहीतरी झाकून उभी आहे असं वाटलं. त्यानंतर घरात सगळंच बोलायला लागलं. ती फोनवर हळू का बोलली? मी आले की रेडिओ का बंद केला? गुरुवारी ती नेमकी उशिरा का येते, मेलितोनची शिट्टी वाजून गेल्यावर? मेलितोन तिच्या मावशीचा जावई आहे हे मला कुणी आधी का सांगितलं नव्हतं? या गावात सगळेच एकमेकांच्या मावशीचे जावई आहेत, हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असलेल्या गोष्टीचा संशयापुढं काही उपयोग नसतो. मी कपाटाला कुलूप घालायला लागले. किल्ली ब्लाउजमध्ये. अंपारोनं ते पाहिलं, धुतलेल्या चादरी कपाटासमोर खुर्चीवर नीट घडी करून ठेवल्या आणि निघून गेली. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

माझी आई शेबॉयगनला नळाच्या कारखान्याच्या मॅनेजरकडं घर पुसायला जायची. ती मॅनेजरची बाई गालिच्याखाली कानातलं टाकून ठेवायची, हे आई आम्हाला जेवताना हसून सांगायची. पण हसताना तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे, ते मला लहानपणी समजत नसत. तिनं ते कानातलं दर वेळी उचलून बशीत ठेवलं आणि त्या घरात पुढंही काम केलं, कारण आमचे बूट फाटले होते. आता हे सगळं आठवत असताना मी काय करत होते? मी सोफ्याच्या गादीखाली माझं मोत्याचं कानातलं सरकवत होते. हात माझेच होते, त्यांवर डाग पडलेत म्हातारपणाचे. अंपारोला ते दुपारी सापडलं. तिनं ते माझ्या आरशापुढं ठेवलं, आणि वर त्याच्या जोडीचंही शोधून शेजारी ठेवलं. आणि मी, माझ्या आईची मुलगी, मनात म्हणाले, हुशार आहे. कानातलं परत करते म्हणजे पेटी पचेल.

एका रविवारी मी केळ्यांचा केक भाजला, फडक्यात बांधला आणि टेकडी चढले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, हा आमच्याकडचा धंदा नाही, पण मी तो केला. गोटे लावलेला चढ, माझा गुडघा, कुत्री, दारादारांतून "काळजी घ्या बाई" म्हणणाऱ्या बायका. अंपारोच्या अंगणात सगळे जेवून बसले होते. मला बघून जी धांदल उडाली ती उडाली. एकानं खुर्ची पुसली, कुणी जास्वंदीचं सरबत आणलं, म्हातारी आई उठायला लागली तिला मी खाली बसवलं. "हे तुमचंच घर आहे," हिलारियो म्हणाला. तो चाळिशीचा, जाडसर, मिशीवर साबणाचा वास. मी केक दिला, हवेबद्दल बोलले, आणि मग म्हटलं, "तुमची पेटी बघू का जरा? माझा नवरा वाजवायचा."

"अहो, विचारायचं काय त्यात!" तो आत गेला आणि पेटी घेऊन आला. लालभडक, चकचकीत, पुढच्या बाजूला चमकीचे दगड बसवलेले. एमिलची तपकिरी होती, अक्रोडाच्या लाकडाची. आंधळ्यालाही कळलं असतं. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मी ती मांडीवर घेतली आणि उलटी केली. एमिलच्या पेटीला खालच्या अंगाला सिगरेटचा डाग होता, मी तो शोधला. पट्टा उचलून पाहिला, आतल्या बाजूनं नखानं रंग खरवडला, खाली दुसरा रंग लागतो का बघायला. मी किती वेळ हे केलं कुणास ठाऊक. मग डोकं वर केलं. हिलारियो माझ्या नखाकडं बघत होता. म्हाताऱ्या आईनं सरबताचा पेला हातातच धरला होता. आणि अंपारोच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"माझ्या धर्मपित्याचाच बँड आहे, बाई," हिलारियो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "त्यांनी ही नवी घेऊन दिली. वाजवून दाखवू का तुम्हाला?"

मी नको म्हटलं, केक ताजा आहे तोवर खा म्हटलं, आणि उतरले. खरं तर उत्तर मिळालं होतं, दोन्ही उत्तरं जुळली होती, पेटी लाल होती. पण अर्ध्या उतारावर माझ्या मनानं पुन्हा उचल खाल्ली. ही आधीचीच असेल. ज्याच्याकडं दोन असतील तो दाखवताना दुसरीच दाखवणार ना. आमची विकली असेल ग्वादालाहाराला. म्हणून तर तो इतका मऊ बोलला. घरी येईपर्यंत माझी खात्री पहिल्यापेक्षा पक्की झाली होती.

दुसऱ्या सकाळी अंपारो नेहमीसारखी आली. कॉफी प्याली, घर पुसलं, शेगडीच्या मागची चिकट फरशीसुद्धा तारेच्या घासणीनं घासली, माझ्यासाठी दोन दिवसांची डाळ शिजवून ठेवली. मग एप्रन काढून घडी केला आणि माझ्या दाराची किल्ली त्याच्यावर ठेवली. "बाई, तेपिकला माझ्या बहिणीला बरं नाही. थोडे दिवस जावं लागेल. तुमची परवानगी असली तर." मी म्हटलं, जा. तिनं माझ्या गालाला गाल लावला, आमच्या रोजच्या पद्धतीनं, आणि गेली. संध्याकाळी बेव्हला फोन केला तर ती म्हणाली, "बघितलंस? पळाली." आणि मलाही तो शब्द पटला. घर मात्र लगेच घाण व्हायला लागलं. शेगडी पेटेना. सकाळी मी दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची, आणि परत ठेवताना तिच्या नावानं मोठ्यानं शिव्या द्यायची, इंग्रजीत, म्हणजे शेजाऱ्यांना कळू नयेत. डाळ संपल्यावर मी रडले. चोरासाठी कुणी रडतं का?

मग पॉलेटचा फोन आला, सकाळचा, तिकडं बर्फ पडत होता म्हणे, शाळेला सुट्टी. मी सगळं ओकून टाकलं, अंपारो कशी पळाली, भाऊ कसा गोड बोलला, मेलितोन कसा सामील आहे. पॉलेट हं हं करत होती. आणि तिच्या हंच्या मागून मला पोल्का ऐकू आली.

"काय वाजतंय गं?"

"रेडिओ. रविवारचा तो पोल्काचा कार्यक्रम नाही का."

"आज मंगळवार आहे, पॉलेट."

"मग दुसरं काहीतरी असेल. आई, तुझ्या गुडघ्याचं काय झालं?"

पोल्का दुसऱ्या भागात शिरली, वर चढायला लागली, अडखळली, थांबली. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. रेडिओ चुकला म्हणून कुणी पहिल्यापासून सुरू करत नाही. पुन्हा चढली, पुन्हा तिथंच अडखळली, आणि भाता ओढताना तो घरघरता श्वास आला, म्हाताऱ्या कुत्र्याच्या घशातून यावा तसा. त्या भात्याच्या कोपऱ्याला एमिलनं स्वतः चिकटपट्टी लावली होती, तो आवाज मी चाळीस वर्षं ऐकलाय. सुरांचे कान नसतील मला, पण त्या घरघरीचे आहेत. 

"पट्टा कुणी सोडला?" मी विचारलं.

पॉलेट उठल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, दुसऱ्या खोलीत जात म्हणाली, "ब्रिननं. आई, ऐक. मी खोक्यात भरली होती, खरंच भरली होती. ब्रिन म्हणाली आजोबांची एकदा बघू दे. तिनं घेतली आणि तिला यायला लागलं, कुणी न शिकवता. तिला यायला लागलं, आई! मी काय करणार होते? तिथं कोण वाजवणार होतं? तू कोपऱ्यात ठेवून तिच्याकडं बघून रडली असतीस."

"मग तसं सांगायचं."

"सांगणारच होते. पण तू दर फोनला म्हणायचीस, पोस्टानं खाल्ली, त्यांनी चोरली, मग ती बाई, मग तिचा भाऊ. मला वाटलं, असू दे. तुझं काय बिघडतंय? तसंही तिकडं चोऱ्या होतातच ना. आणि ब्रिनकडून परत घ्यावी लागली नसती." ती नाक ओढत होती. "तूच तर म्हणाली होतीस, आई, की त्यांच्यावर भरवसा नाही."

मी फोन ठेवला नाही. ब्रिन, माझी नात, वाजवत होती ते ऐकत उभी राहिले. तिसऱ्यांदा तिला तो चढ जमला आणि टोकाला ती अजिबात थांबली नाही, सरळ खाली उतरली. पॉलेटवर चिडायला हवं होतं आणि मी चिडले होते, गळा आवळावासा वाटत होता. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी हललं. पावती हरवली म्हणाली तेव्हा मला शंका आली नव्हती असं नाही. पोटच्या पोरीवर संशय घ्यायचा म्हणजे उरतं काय, म्हणून मी तो संशय उचलला आणि टेकडीवर नेऊन ठेवला. तिथं ठेवायला जागा होती. तिथली माणसं गरीब होती, हसत होती आणि त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मेलितोनला माझ्या पार्सलाबद्दल काडीचीही माहिती नव्हती. पण एका म्हाताऱ्या विधवेच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून तो बिचारा दर खेपेला तिला एक गुरुवार देत होता. इथली पद्धतच ती. इतकी वर्षं मी त्यांच्या 'हो'ला खोटं समजले आणि आमच्या माणसांच्या खोट्याला सरळपणा.

त्याच दिवशी मी टेकडी चढले, रिकाम्या हातानं. तेपिकला जावं लागलं असतं तरी गेले असते. पण अंपारो अंगणातच होती, तारेवर कपडे घालत. तेपिकला बहीण होती की नव्हती देव जाणे. मला बघून तिनं चिमटे खिशात टाकले, खुर्ची पुसली, सरबत आणलं. "गुडघा कसा आहे, बाई? एवढं चढायचं नाही हो. निरोप धाडायचा." म्हातारी आई आतून डोकावली आणि मान लववून पुन्हा आत गेली. हिलारियो दिसला नाही.

"पेटी माझ्या मुलीच्याच घरी आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी वाटेत त्यांच्या भाषेत घोकलं होतं, तरी चुकतमाकत बाहेर आलं. "तिनं पाठवलीच नव्हती, माझी नात वाजवते ती. अंपारो, मी तुझ्यावर संशय घेतला. तुझ्या भावावर घेतला. कपाटाला कुलूप घातलं. ते कानातलं मी मुद्दाम ठेवलं होतं. मला माफ कर."

"अहो काय हे! माफी कसली?" ती म्हणाली, आणि तिनं माझा हात हातात घेऊन थोपटला. "मुलीकडं आहे ना, मग चांगलंच झालं. घरातली वस्तू घरात राहिली. तुमची नात वाजवते? बघा, किती छान!"

"तू परत येशील?"

"येणार ना, बाई."

"खरंच?"

"सोमवारी येते. देवाच्या कृपेनं. नक्की."

ती हसत होती. तेच हसू, हात तसाच छातीला लावलेला. मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं. तिनं मला माफ केलं असेलही, कोण जाणे, पण माझ्या दारात ती पुन्हा पाऊल ठेवणार नव्हती, आणि हे एका म्हाताऱ्या बाईला तोंडावर सांगणं तिच्यानं होणार नव्हतं. पूर्वीची मी असते तर हट्ट धरला असता, खरं काय ते सांग म्हटलं असतं, तिला नाही म्हणायला लावलं असतं.

कोपऱ्यापर्यंत ती मला सोडायला आली. उतारावर तिनं माझा दंड धरला होता, आम्ही तळ्याकडं बघत सावकाश उतरलो, तिच्या हाताला ओल्या कपड्यांचा वास होता.

"मग सोमवारी मी कॉफी जरा कडकच करून ठेवते," मी म्हटलं.

"हो बाई," अंपारो म्हणाली, "कडकच करा."